रसायन का कळत नाही, यावर पीएच.डी.

पोलादी टाकीत हायड्रोजन भरलेला आहे. तापमान 20 अंश सेल्सिअस, दाब 3 ॲटमॉस्फिअर. टाकीचा उभा छेद काढला, तर रेणूंचे ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतील. आता तापमान उणे 20 वर आणलं. ठिपके तळाशी साचतील, मध्यभागी गोळा होतील, भिंतींना चिकटतील, की होते तसेच पसरलेले राहतील?

पसरलेलेच राहतील. हायड्रोजनचा द्रव व्हायला उणे 250 अंशांच्या आसपास जावं लागतं. उणे 20 ला तो वायूच असतो आणि वायू मिळेल ती सगळी जागा व्यापतो. सुसान नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग या अमेरिकी संशोधकांनी 1987 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना असे प्रश्न घातले. वायूच्या नियमांवरची गणितं बिनचूक सोडवणाऱ्या अनेकांना चित्र मात्र ओळखता आलं नाही. सूत्र हाताला बसलं होतं, वायू कळला नव्हता.

नाशिकच्या गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या बारावीच्या वर्गात हाच प्रश्न घालून पाहायला हरकत नाही. उत्तरं चुकली तर शिक्षक म्हणून आपण हळहळतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ती नेमकी कशी चुकली, कोणाची चुकली, शिकवण्यात काय बदललं की चुकेनाशी होतात, याचा पद्धतशीर शोध म्हणजे रसायनशिक्षण संशोधन. त्यात पीएच.डी. होते आणि त्यासाठी दरमहा पैसेही मिळतात. आपल्याकडे एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या कितीतरी मुलामुलींना ही वाट असते हेच ठाऊक नसतं. त्यांना दोनच रस्ते दिसतात: सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल, नाहीतर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं.

या विषयाचा पाया समजायला ग्लासगोचे ॲलेक्स जॉन्स्टन यांची मांडणी उपयोगी पडते. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं, असं त्यांचं म्हणणं. दिंडोरीच्या वायनरीतलं उदाहरण घ्या. टाकीत द्राक्षाचा रस फसफसतो, वास बदलतो, ही डोळ्यांना दिसणारी पातळी. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात, ही न दिसणारी. आणि फळ्यावरचं समीकरण ही तिसरी, चिन्हांची. शिकवणारा या तिन्हींत सहज ये-जा करतो. आपण कधी एकीतून दुसरीत गेलो, हे त्याच्या लक्षातही येत नाही. नवशिक्याला मात्र तिन्ही एकदम डोक्यात धरताना जागा पुरत नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हाती आलेल्या मुलीवर भाषेचं चौथं ओझं पडतं. ते नेमकं कोणत्या पातळीवर सर्वांत जड होतं? नाशिक जिल्ह्यात बसून करण्याजोगं याहून चांगलं संशोधन मला तरी सुचत नाही.

हे काम आपल्याला परकं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये सुरू झालं. त्याचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी मुळात भौतिकशास्त्रज्ञ. केंद्राच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक झालं ते नाशिक विभागातल्याच जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये. आज हे केंद्र मानखुर्दला आहे. नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि मुंबईत हार्बर लाइनला गाडी बदलायची, एवढंच अंतर. 2001 ची आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत झाली, तीही या केंद्राच्या पुढाकाराने. तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते. लेखी परीक्षा आणि मुलाखत होते, पदवी टाटा संस्थेची मिळते, फेलोशिपही मिळते.

पैशांचं बोलायला आपण उगाच लाजतो. जानेवारी 2023 पासून यूजीसी-सीएसआयआरची कनिष्ठ फेलोशिप दरमहा 37,000 रुपये आहे आणि वरिष्ठ 42,000. घरभाडं नियमानुसार वेगळं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत, त्या त्या समाजगटांसाठी. अमेरिकेत रसायनशास्त्र विभागातच या विषयाचे गट असतात. तिथला विद्यार्थी पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल घेतो, त्याची फी माफ होते आणि वर खर्चाला पैसे मिळतात.

आपल्याकडे घोडं अडतं ते दारात. केमिस्ट्रीच्या विभागात गेलं की ऐकायला मिळतं, ‘हे बी.एड.वाल्यांचं काम.’ शिक्षणशास्त्राकडे गेलं तर एम.एड. विचारतात. नवं संयुग बनवलं, त्याचा एनएमआर काढला, की ते संशोधन. शंभर मुलांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या डोक्यातला रेणू कसा दिसतो हे शोधलं, तर ते म्हणे सर्वेक्षण. खरं तर एनएमआर यंत्र खोटं बोलत नाही. विद्यार्थी मात्र सरांना बरं वाटेल ते उत्तर देतो, आणि त्याच्याकडून खरं काढून घेणं हे कौशल्य शिकायला वर्षं जातात.

यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत यावर तोड निघते. आंतरविद्याशाखीय विषय असेल तर बाहेरच्या विभागातला, बाहेरच्या विद्यापीठातलाही सहमार्गदर्शक घेता येतो. म्हणजे मार्गदर्शक नाशिकच्याच कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि सहमार्गदर्शक शिक्षणशास्त्राचे, अशी जोडी कागदावर बसते. याच नियमावलीने प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला, मग विषय कोणताही असो, आपला विषय कसा शिकवावा याचं प्रशिक्षणही घ्यायला सांगितलं आहे. सहमार्गदर्शकाचं नाव मात्र अर्जाआधीच ठरवून ठेवावं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल, टाकीतल्या हायड्रोजनचा नंबर नंतर.