आधी घाम वाचवा

२३ ऑगस्ट १९०५ची पहाट. अमेरिकेत ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, 'तिनाहास आल्तास' इथे बैल हंबरावा तसा आवाज आला. तिथे निरीक्षणांसाठी तळ ठोकून बसलेले शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. मॅकगी आवाजाच्या दिशेने धावले. वाटेवर एक माणूस पडला होता, अंगावर चिंधीही नाही. आठवड्यापूर्वी याच तळावरून सोनं शोधायला निघालेला पाब्लो वालेन्सिया!

तिनाहास आल्तास म्हणजे उंचावरचे रांजण. कातळातल्या नैसर्गिक खळग्यांत पावसाचं पाणी साठतं. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर ट्रेक करणाऱ्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. इथून जाणाऱ्या वाटेचं नावच 'सैतानाची वाट'. पाब्लोचा साथीदार घोडे घेऊन पाणी आणायला मागे फिरला आणि दोघांची चुकामूक झाली. पाब्लोकडे उरलं होतं जेमतेम दिवसभराचं पाणी. पुढचे सहा-सात दिवस तो एकटा, आधी पायी आणि मग रांगत, परतीची वाट तुडवत राहिला.

मॅकगींनी जे पाहिलं ते वाचवत नाही. ओठ कापून टाकल्यासारखे नाहीसे झालेले, जीभ सुकून काळी पडलेली. काट्याकुट्यांनी अंगभर ओरखडे. पण ताज्या जखमांतूनही रक्ताचा थेंब नाही, वाळलेल्या चामड्यावर चरे पडावेत तशा त्या दिसत होत्या. सुमारे ७० किलोच्या या गड्याचं वजन, मॅकगींच्या अंदाजानं, चौथ्या हिश्शाने घटलं होतं.

अंगातलं हे पाणी जातं कुठे? हवा चाळिशीपार गेली की ती त्वचेहून गरम असते. मग अंग थंड ठेवायला घामाची वाफ होणं हा एकच मार्ग उरतो. लिटरभर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मुंबईत घामाने सदरा पाठीला चिकटतो, त्यामुळे निदान कळतं तरी. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम फुटताक्षणी वाळतो. उन्हात चालणाऱ्याचं तासाला लिटरभर पाणी जातं आणि सदरा मात्र कोरडाच! रक्त दाट होतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, त्वचेपर्यंत उष्णता पोहोचेनाशी होते आणि अंग तापत जातं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांचा घाम अक्षरशः मोजला. १९४७च्या त्यांच्या पुस्तकातले निष्कर्ष आपल्या समजुतींना धक्का देणारे आहेत. घोट-घोट पुरवून पाणी वाचत नाही. अंगाची गरज तेवढीच राहते. उकडतं म्हणून उन्हात सदरा काढला तर घाम उलट वाढतो, कारण कापड उन्हाचा ताप अडवतं. हाताशी पाणी असूनही माणूस गेलेल्या घामापेक्षा कमीच पितो. ती तूट बरीचशी जेवताना भरून निघते. म्हणजे तहान हा काही भरवशाचा मुनीम नव्हे. पाब्लोने तर स्वतःचं मूत्रही प्यायलं होतं. पण ज्या क्षारांना मूत्रपिंडांनी बाहेर काढलं, तेच पुन्हा आत घेतल्यावर ते बाहेर टाकायलाही पाणीच लागतं.

तेव्हा कच्छच्या रणात किंवा थरमध्ये पायी निघालात, तर दुपारी सावली धरा, पहाटे आणि रात्री चाला, अंगभर कपडे ठेवा आणि जवळ आहे ते पाणी पुरवत न बसता पिऊन टाका.

पाब्लो वाचला. मॅकगींनी त्याच्या अंगावर पाणी चोळलं, मग हळूहळू पाजलं. पाणी अंगात मुरलं, तेव्हा कुठे त्या कोरड्या जखमांतून रक्त वाहू लागलं.