प्रगतीचा रकाना

शालेय शिक्षणाच्या वार्षिक कार्ययोजनेचा एक तक्ता माझ्या पाहण्यात आला. त्यात दिव्यांग मुलांची संख्या होती, मंजूर तरतूद होती, वाटलेल्या साधनांची नोंद होती. परंतु एवढ्या खटाटोपाने त्या मुलांना अखेर काय येऊ लागले, हे लिहिण्यास मात्र जागा नव्हती. ही उणीव मनाला लागून राहिली म्हणूनच, ऐन श्रावणात, समग्र शिक्षा योजनेखाली काम करणाऱ्या एका विशेष शिक्षिकेबरोबर मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीत गेलो.

एस.टी. सोडून, जांभ्याची शेवाळलेली पाखाडी उतरून आम्ही ज्या घरी पोहोचलो, तेथला अकरा वर्षांचा मुलगा पटावर असूनही शाळेत जाऊ शकत नाही. त्याची शाळा ओटीवरच भरते. "बाईनू, पावसात आलाव?" म्हणत आजीने उकड्या तांदळाची पेज पुढे ठेवली आणि तोच त्या दिवसाचा पाठ ठरला. चमच्याच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून बाईंनी तो जाड केला, मुलाच्या आखडलेल्या बोटांत बसविला, कोपराखाली आपला तळहात धरला, आणि पुढे इतक्या बेताने काढून घेतला की आधार सुटल्याचे त्या मुलाला उमगलेच नसावे. पाच घासांपैकी दोन त्याच्याच हाताने तोंडात गेले, तीन सांडले. बाईंनी वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिले, "पाचांत दोन." त्या पेजेचा उबदार वास पुढे कचेरीतले कागद चाळतानाही मला येत राहिला.

"40 टक्के भरले की मूल कागदावर येते, सर," परतीच्या चढणीवर बाई म्हणाल्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले हे खरे. पण 6 ते 18 या वयात, शेजारच्या शाळेत वा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिकण्याचा जो खास हक्क त्याच्या कलम 31 ने दिला, तो निदान 40 टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्यांनाच. बाईंच्या यादीतील एका मुलीची अक्षरे वाचताना उलटसुलट होतात. ती या 40 च्या अलीकडेच अडकली आहे. शिवाय हा आकडा देहातले उणे तेवढे मोजतो. या मुलाने उद्या पाचही घास खाल्ले, तरी तो आकडा तसूभर हलणार नाही.

कायद्याला याचे भान नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याची संपादणूक आणि शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख ठेवावी, असे कलम 16 स्पष्ट बजावते. अमेरिकेने असा कायदा 1975 सालीच केला. तरीही राज्यांच्या कारभाराचा वार्षिक निवाडा करताना मुदती आणि कागदपत्रे यांच्या जोडीने मुलांच्या शिकण्याला वजन मिळण्यास तेथे 2014 साल उजाडावे लागले. आपल्या राज्य शासनाने 2024 साली केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांच्या 4,860 पदांना मान्यता दिली, हे स्वागतार्हच आहे. पण पदे भरली म्हणजे मुले शिकली, असा जो सरकारी हिशेब हळूच रूढ होतो, त्याचे मला भय वाटते.

संध्याकाळी ओल्या छत्र्यांच्या सोबतीने बाई तक्ते भरीत बसल्या होत्या. साधन मिळाले: होय. भत्ता मिळाला: होय. यातच प्रगतीचा एक रकाना का घालू नये, असे मी मोठ्या उत्साहाने सुचविले, तेव्हा मान वर न करताच त्या म्हणाल्या, "घाला की. त्यातही सगळे 'होय'च भरतील." त्यांची मागणी निराळी होती: वर्षातून दोनदा तपासणीस येणाऱ्याने पाखाडी उतरून यावे, पेज संपेपर्यंत ओटीवर बसावे, आणि वहीतल्या "पाचांत दोन"च्या खाली आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा लिहून सही करावी.