तोंड बसले म्हणजे माल जुळला असे नाही
फायबरचे मॉड्यूल आणि कनेक्टर विकत घेताना

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कापडाच्या दुकानात विजेवर चालणारी वस्तू म्हणजे पंखा, ट्यूबलाइट आणि फार तर कॅल्क्युलेटर. आज बिल संगणकावर, जीएसटीचा हिशेब संगणकावर, गोदामातला माल बारकोडवर आणि कॅमेरे चोवीस तास चालू. आपल्या नगरच्या नागापूर एमआयडीसीत किंवा सुप्याकडच्या कारखान्यांत गेलात तर तिथे यंत्रेच एकमेकांशी बोलताना दिसतील. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलरपासून कार्यालयापर्यंतचे अंतर काही कमी नसते. नेटवर्कची साधी तांब्याची केबल १०० मीटरपुरतीच बनवलेली असते. त्यापुढे काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, घ्यावी लागते. शिवाय काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे एका शेडवर पडलेली वीज तारेवाटे दुसऱ्या शेडमधल्या यंत्रापर्यंत जात नाही आणि मोटारींच्या त्रासाने इशारा बिघडत नाही.

आम्ही कापडवाले. हा आमचा धंदा नव्हे. पण दोन दिवसांचे नुकसान सोसून जे शिकलो ते व्यापारी बंधूंना सांगावे म्हणून लिहीत आहे.

आमचे गोदाम आणि शिलाईची शेड यांत १८० मीटरचे अंतर आहे. मध्ये फायबर टाकले. स्विचच्या तोंडात बोटाएवढी एक धातूची डबी बसते. ती विजेच्या इशाऱ्याचा प्रकाश करते आणि समोरून आलेल्या प्रकाशाची परत वीज करते. तिला एसएफपी मॉड्यूल म्हणतात. केबल टाकणारा वेगळा, मॉड्यूल देणारा दुकानदार वेगळा. दुकानदाराने अंतर विचारले, आम्ही १८० मीटर सांगितले. तो म्हणाला, हे ५५० मीटर चालते, स्वस्तही आहे. दोन्ही टोकांना डबी बसली, पिन टक्‌ आवाज करून बसली. पुतण्या म्हणाला, "चाचा, बसलं तर सगळं, पण बत्ती लागत नाही." ऐन लग्नसराईत दोन दिवस हाताने बिले फाडली. शेडमधला तयार माल किती आणि गोदामात किती, याचा मेळ नंतर आठवडाभर लागला नाही.

दोष ना केबलचा होता, ना मॉड्यूलचा. दोन्ही चांगल्या मालाची चुकीची जोडी लागली होती.

आपल्या भाषेत सांगायचे तर सुताच्या काउंटसारखी ही गोष्ट आहे. फायबरचे दोन मुख्य प्रकार. सिंगल मोडमध्ये प्रकाश जाण्याची वाट फक्त ९ मायक्रॉन रुंद असते. मल्टिमोडमध्ये ती ५० मायक्रॉन, जुन्या कामात ६२.५. पण वरचे काचेचे आवरण धरून दोन्हींची जाडी १२५ मायक्रॉनच. म्हणून एकच कनेक्टर दोन्हींवर चढतो आणि बाहेरून फरक कळत नाही. आम्हाला मिळालेले मॉड्यूल मल्टिमोडचे, ८५० नॅनोमीटर प्रकाशाचे. केबल मात्र सिंगल मोड. परातीतले पाणी सुईच्या नेढ्यात ओतण्यासारखा प्रकार. तिथे १३१० नॅनोमीटरचे, १० किलोमीटर म्हणून विकले जाणारे मॉड्यूल हवे होते. दोन्ही टोकांना ते लावले आणि बत्ती लागली.

रंग ओळखायला शिकावे. पिवळे वेष्टन म्हणजे सिंगल मोड. नारिंगी म्हणजे जुन्या जातीचे मल्टिमोड, फिरोजी म्हणजे ओएम३ किंवा ओएम४, आणि ओएम४ कधी जांभळ्या रंगातही येते. हे रंग घरातल्या, म्हणजे इमारतीत वापरायच्या केबलचे. बाहेर जमिनीत टाकायची केबल वरून काळीच असते, त्यामुळे तिच्यावर छापलेला मजकूर वाचावा लागतो.

आता कनेक्टर. बाजारात तो पिन या नावानेच चालतो. एससी हा मोठा चौकोनी, सरळ ढकलून बसणारा; आत पांढरी नळी २.५ मिलिमीटरची. एलसी त्याच्या निम्मा, नळी १.२५ मिलिमीटरची, टेलिफोनच्या पिनेसारखी चिमटी असलेला. एसएफपी डबीत बहुतेक हाच लागतो. एसटी हा गोल, बल्ब होल्डरमध्ये जसा पिळून बसवतो तसा बसणारा. जुन्या कारखान्यांत अजून भेटतो आणि यंत्र थरथरले तरी लवकर सुटत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा हिरव्या आणि निळ्याचा होतो. घरोघरी जे फायबरचे इंटरनेट आले आहे त्याच्या डबीला हिरवी पिन असते. ती एपीसी. तिचे टोक आठ अंशांनी तिरपे घासलेले असते, म्हणजे परत फिरणारा प्रकाश बाजूला निघून जावा. निळी ती यूपीसी, तिचे टोक सरळ, किंचित गोलसर. इंटरनेटवाल्याची उरलेली हिरवी दोरी घेऊन कोणी ती स्वतःच्या मीडिया कन्व्हर्टरमध्ये घालतो. आकार तोच, त्यामुळे बसते. पण तिरपे टोक सरळ टोकाला पूर्ण टेकत नाही, मध्ये फट राहते, प्रकाश सांडतो आणि दाबून बसवल्यास दोन्ही टोके खराब होतात. कधी कधी बत्ती लागतेही, हे जास्त वाईट. काम रडत-खडत चालते आणि माणूस महिनाभर संगणकाला दोष देत बसतो. हिरव्याला हिरवे, निळ्याला निळे. एक टोक हिरवे व दुसरे निळे अशी दोरी तयार मिळते, ती घ्यावी.

एकाच धाग्यावर जाणे-येणे करणारी मॉड्यूलेही असतात. त्यांत एक १३१० वर पाठवते आणि १५५० वर ऐकते, समोरचे बरोबर उलट. म्हणून ती ए आणि बी अशी जोडीने घ्यायची. दोन्ही ए आणली तर दोन्ही डाव्या पायाच्या चपला आणल्यासारखे. काही मॉड्यूलांत १५५० च्या जागी १४९० असते, तेव्हा जोडी एकाच जातीची आहे ना, हे पाहावे.

"जास्त लांबीचे घेतले तर चांगलेच," असे कापडात चालते. इथे चालत नाही. ८० किलोमीटरचे मॉड्यूल १८० मीटरवर लावणे म्हणजे समोरच्याच्या डोळ्यावर टॉर्च मारणे. समोरचा भाग आंधळा होतो, कधी कायमचा. मध्ये प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर घालावा लागतो. १० किलोमीटरवाल्याला जवळचे अंतर सहसा सोसते.

धुळीविषयी आमच्यासारख्यांनी विशेष लक्ष द्यावे. शिलाईची शेड असो की माग, हवेत कापसाचे तंतू तरंगतातच. वाट ९ मायक्रॉनची. माणसाचा केस त्यापेक्षा कितीतरी जाड. एक कण बसला तरी प्रकाश अडतो, आणि पिन दाबताना तो कण काचेत रुतून ओरखडा पाडतो. आमचा कारागीर पिन काढून सदऱ्याच्या बाहीला पुसायचा. फुंकर मारणेही चूक, तोंडाची ओल बसते. पेनासारखे साफ करण्याचे साधन मिळते, एससीचे वेगळे, एलसीचे वेगळे. ते नसेल तर तंतू न सुटणारा कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पिन काढली की टोपी लगेच घालावी, मॉड्यूलच्या तोंडालाही. आणि टोकात डोळा घालून कधी पाहू नये. १३१० किंवा १५५० चा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. केबल तुटली आहे का पाहायला लाल प्रकाशाची टॉर्च वेगळी मिळते.

कारखान्यासाठी आणखी एक गोष्ट: उष्णता. साधे मॉड्यूल ० ते ७० अंशांसाठी बनवलेले असते आणि हा आकडा खोलीतल्या हवेचा नसून डबीच्या अंगाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या बंद पेटीत, शेजारी मोटारीचा ड्राइव्ह तापलेला, त्यात मॉड्यूलची स्वतःची ऊब. तिथे दुपारी लाइन जाते आणि रात्री परत येते, असा आजार लागतो. औद्योगिक दर्जाचे मॉड्यूल उणे ४० ते ८५ अंशांचे असते. महाग पडते, पण सगळीकडे लावायची गरज नाही. ज्या टोकाला पेटी तापते तिथे ते लावावे, एसीच्या कार्यालयात साधे चालेल. काही यंत्रांत जवळच्या अंतरासाठी १ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक फायबर असते. त्याची पिन व मॉड्यूल वेगळेच, काचेच्या सामानाशी त्याचा मेळ घालू नये.

डेटा सेंटर नगरमध्ये कोण उभारणार, असे कोणी म्हणेल. पण आपली मुले नवी मुंबईत महापे, ऐरोली, पनवेलकडे अशा कामाला जाऊ शकतात, म्हणून थोडे सांगतो. तिथे धूळ व उष्णता यांवर ताबा असतो, प्रश्न गर्दीचा आणि वेगाचा. एकाच कपाटात दोन-तीन मीटरसाठी फायबर न घेता दोन्ही टोकांना डबी जोडूनच आलेली तांब्याची दोरी वापरतात. १० गिगाबिटला मल्टिमोडचे मॉड्यूल ओएम३ वर ३०० मीटर, ओएम४ वर ४०० मीटर जाते. ४० आणि १०० गिगाबिटच्या काही मॉड्यूलांना एमपीओ नावाची चपटी पिन लागते, तिच्यात बारा धागे एका ओळीत. त्यातले आठच वापरात येतात, चार जाणारे, चार येणारे. मॉड्यूलच्या तोंडात दोन बारीक खिळे असतात, म्हणून दोरी बिनखिळ्याची हवी. धाग्यांचा क्रम उलटा की सुलटा हेही पाहावे लागते. बारा धाग्यांचा ताणा चुकीचा भरला तर काय होते, हे विणकराला वेगळे सांगायला नको.

तोंडाची फसवणूक वेगातही आहे. १ गिगाबिटची आणि १० गिगाबिटची डबी दिसायला एकसारखी. १० च्या तोंडात १ ची अनेकदा चालते, १ च्या तोंडात १० ची चालत नाही. काही कंपन्यांचे स्विच तर फक्त आपल्या नावाची खूण असलेलीच डबी ओळखतात. म्हणून खरेदीला जाताना स्विचचा मॉडेल नंबर लिहून न्यावा आणि चालले नाही तर परत घेण्याची अट बिलावरच लिहून घ्यावी. कापडाच्या बिलावर पन्हा आणि मीटर लिहितो, तसे या बिलावर वेग, नॅनोमीटर, सिंगल की मल्टि, पिनेची जात, अंतर आणि तापमानाचा दर्जा यायला हवा. "एसएफपी, २ नग" एवढेच लिहिलेले बिल काही कामाचे नाही. आमचे पहिले बिल तसेच होते आणि त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही.

चांगल्या मॉड्यूलमध्ये आलेला प्रकाश किती, हे स्विचवर वाचता येते. काम नवीन असतानाच तो आकडा टिपून ठेवावा. पुढे तो ३ डीबीने घसरला तर प्रकाश निम्मा झाला असे समजावे आणि आधी पिन साफ करावी, मग माणूस बोलवावा.

आमच्या शेडमधल्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर सिंगल मोड, एलसी निळी, १३१०, १० किलोमीटर, औद्योगिक, आणि बसवल्या दिवशीचा प्रकाशाचा आकडा, एवढे आहे. पुतण्याने तो दोनदा लिहिला. पहिल्या खेपेस नुसते "फायबर" लिहून ठेवले होते.