थायरॉइडचं ऑपरेशन आणि आवाजाची नस

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात लिलाव पुकारणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याचा आवाज. अशा माणसाला थायरॉइडच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला, की त्याचा पहिला प्रश्न आवाजाचाच असतो. तो अगदी रास्त आहे.

स्वरतंतू हलवणारी नस थायरॉइडला खेटून जाते. तिची वाटही विलक्षण! डावीकडची नस गळ्यातून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रात शिरते. जाडी जेमतेम दोऱ्याएवढी. ती ताणली, भाजली किंवा कापली गेली, की त्या बाजूचा स्वरतंतू हलेनासा होतो. आवाज घोगरा होतो, बोलताना धाप लागते, पाण्याचा घोट घेतला तरी ठसका येतो. दोन्ही बाजूंना इजा झाली तर श्वासच अडतो.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेला शिस्त लावणाऱ्या थिओडोर कोखर यांना १९०९ चं नोबेल मिळालं. तरीही १९३५ मध्ये गलगंडाचं ऑपरेशन झालेल्या गायिका आमेलिता गाल्ली-कुर्ची यांचे वरचे सूर त्यामुळेच गेले, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे.

आज अनुभवी सर्जनच्या हातून कायमची इजा क्वचित होते. नस नुसती दुखावली असेल, तर आवाज बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परततो.

ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या. नंतर आवाज बसलेलाच राहिला तर घरगुती काढ्यांत वेळ घालवू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.