चुकामूक झाली तर? मुंबईला निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

जोडून सुट्ट्या आल्या की गटाच्या बैठकीत विषय निघतोच, "या वेळी कुठं जायचं?" एसटीत महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर लांबचा पल्लाही खिशाला परवडायला लागलाय. आज आपण मुंबईच्या सहलीबद्दल बोलणार आहोत. काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही सांगणार आहोत ते सगळ्या जणी मिळून घरी परत कसं यायचं, ते.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आले होते. आम्ही चौदा जणी मुंबईला गेलो. सिद्धिविनायकाचं दर्शन झालं आणि सीएसएमटीची लोकल धरायला दादर स्टेशनच्या पुलावर चढलो. तिथं आमच्या एका काकूंच्या चपलेचा अंगठा तुटला. काकू वाकल्या, आम्ही गर्दीबरोबर पुढं गेलो. खाली उतरून मोजलं तर तेराच.

काकूंचा मोबाईल चोरीला जाऊ नये म्हणून सुनेच्या पिशवीत ठेवलेला. नंबर एकही पाठ नाही. घाबरून त्या उलट्या बाजूनं खाली उतरल्या आणि फुलबाजारात पोचल्या. आम्ही शोधत होतो पुलावर आणि प्लॅटफॉर्मवर. एका फुलवाल्या ताईंनी काकूंना बसवलं, पाणी दिलं, पोलिसाला बोलावलं. काकूंनी गावाचं नाव सांगितलं. तिथून पोलीस पाटलांचा नंबर निघाला, त्यांनी गटाच्या अध्यक्षांना फोन लावला. दोन तास गेले. काकू सापडल्या, पण गेटवे राहिला तो राहिलाच.

खरं नुकसान पुढं झालं. गावात बोलणं सुरू झालं, "म्हणूनच बायांनी एकट्या जाऊ नये." चौदा जणी म्हणजे एकट्या कशा, हे कुणी विचारलं नाही. दोन वर्षं सहलीचं नाव काढता आलं नाही. मग आम्ही बसून विचार केला. चूक जाण्यात नव्हती. चुकामूक झाली तर काय करायचं, हे ठरवलं नव्हतं, ती चूक होती. ते ठरवून आम्ही पुन्हा गेलो. काय ठरवलं ते ऐका.

पहिली गोष्ट, चिठ्ठी. प्रत्येकीच्या ब्लाऊजमध्ये किंवा कमरेच्या पिशवीत एक कागद. त्यावर आपलं नाव, गाव, तालुका, सोबतच्या दोघींचे नंबर, घरचा एक नंबर आणि मुक्कामाचा पत्ता. काही आजार असेल, गोळी चालू असेल तर तेही. एक नंबर तरी पाठ करायचा, कारण कागद भिजतो आणि मोबाईलची बॅटरी संपते. मोबाईल ज्याचा त्याच्याजवळच. लहान मुलांच्या खिशातही चिठ्ठी हवी.

दुसरी, जोडी. दोघी-दोघींच्या जोड्या लावा. चौदा जणींवर लक्ष ठेवणं कुणालाच जमत नाही, एकीवर जमतं. एकीची चप्पल तुटली तर दुसरी थांबेल आणि हाक मारेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जी मागं राहिली तिनं जागा सोडायची नाही. बाकीच्यांनी परत यायचं. दोन्हीकडून शोधाशोध झाली की भेट होत नाही. लोकलला हाच नियम. गाडी मुंबईत स्टेशनवर थोडेच सेकंद थांबते. निम्म्या चढल्या आणि निम्म्या राहिल्या तर धावत्या गाडीत चढायचं नाही, उतरायचंही नाही. राहिलेल्यांनी तिथंच थांबायचं. चढलेल्यांनी पुढच्या थांब्यावर उतरून परत यायचं. उशीर होईल, पण जीव राहील.

आता मुंबईतल्या नावांचा घोळ समजून घेऊ. मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. मध्य रेल्वेचं शेवटचं स्टेशन सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. पश्चिमेचं चर्चगेट. दोन्ही मार्ग भेटतात दादरला. शिवाय बहुतेक स्टेशनांना पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू आहेत. "दादरला भेटू" हे अर्धंच बोलणं झालं. "दादर पश्चिमेला, तिकीट खिडकीजवळ" असं पूर्ण ठरवायचं.

लोकल दोन प्रकारच्या, धिमी आणि जलद. धिमी सगळ्या स्टेशनांवर थांबते, जलद मधली स्टेशनं सोडते. नवख्या माणसानं धिमी धरावी. महिलांचा डबा कुठं येतो ते प्लॅटफॉर्मवर विचारून तिथंच उभं राहावं. पहिल्या वर्गाचा डबा वेगळा असतो, साध्या तिकिटावर त्यात चढलं तर दंड होतो. आणि रविवारी बऱ्याचदा दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. गाड्या कमी, गर्दी जास्त. आदल्या दिवशीच चौकशी करा.

गर्दीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचं प्रभादेवी, या स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर सकाळी चेंगराचेंगरी झाली. पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबलेले आणि गाड्यांमधून उतरलेली माणसं मागून येत राहिलेली. २३ जणांचा जीव गेला. म्हणून पूल गच्च दिसला तर चढूच नका. पंधरा मिनिटं बाजूला बसा. गर्दीत सापडलातच तर दोन्ही हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. उलट दिशेनं रेटू नका, गर्दीबरोबर चालत तिरकं तिरकं कडेला सरका. पण भिंतीशी किंवा कठड्याशी दाबलं जाऊ देऊ नका. पिशवी, चप्पल, मोबाईल पडला तर वाकायचं नाही. पदर आणि ओढणी खोचून घ्या. मूल लहान असेल तर कडेवर घ्या.

रिक्षा आणि टॅक्सीचंही ऐकून ठेवा. मुंबईत रिक्षा वांद्रे आणि सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला, म्हणजे दादर, सीएसएमटी, गेटवेकडे, काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानं रिक्षाचं कमीत कमी भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ रुपये होतं. मीटर टाकायला सांगा. बसण्याआधी गाडीचा नंबर गटातल्या दुसऱ्या जोडीला कळवा. तो मोठ्यानं, चालकाला ऐकू जाईल असा कळवा.

समुद्र आपल्यातल्या बऱ्याच जणींना नवा असतो. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. काल याच वेळी पाणी लांब होतं म्हणून आज लांब असेलच असं नाही. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते. जाण्याआधी वेळ विचारा. गेटवेवरून बोटीत बसलात तर लाईफ जॅकेट अंगात घालून, पट्टे बांधूनच बसा. १८ डिसेंबर २०२४ ला तिथून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून जास्त माणसं गेली. उकडतंय, फोटो चांगला येत नाही, ही कारणं त्यापुढं लहान आहेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

पैसे एका जागी ठेवू नका. परतीचं भाडं वेगळं, हात न लागणारं. मुक्कामाची खोली सुट्टीत मिळत नाही म्हणून नेटवर दिसलेल्या कुठल्याही नंबरवर आगाऊ पैसे पाठवू नका. ओळखीतून चौकशी करा. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर तो फसवतोय. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा.

आणि एक गोष्ट, जी आपण कुणी बोलत नाही. बाहेर सोय मिळेल की नाही म्हणून आपण दिवसभर पाणीच पीत नाही. मग दुपारी चक्कर येते, डोकं दुखतं आणि माणूस गोंधळतं. पाणी प्या. मोठ्या स्टेशनवर आणि एसटी आगारात शौचालय असतं, सुटे पैसे जवळ ठेवा. प्रत्येक टप्प्यावर "कुणाला जायचंय?" हे जोडीनंच विचारायचं. लाजायचं नाही.

शेवटी चार नंबर चिठ्ठीच्या मागं लिहा. पोलीस, रुग्णवाहिका, आग, कुठलंही संकट, ११२. रेल्वेत मदत हवी, १३९. मूल हरवलं किंवा एकटं मूल दिसलं, १०९८. पैशाची ऑनलाईन फसवणूक, १९३०. स्टेशनवर चुकामूक झाली तर वर्दीतल्या पोलिसाकडं किंवा स्टेशन मास्तरांकडं जा.

या वेळी आम्ही गेलो तेव्हा काकूही आल्या. पुलावर त्यांनी स्वतःच जोडीदारणीचा हात धरला होता. गेटवे पाहिला, फोटो काढला, चौदाच्या चौदा रात्रीच्या एसटीनं घरी आलो. परत आल्यावर गावात कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. हिशोब झाला की प्रत्येकीनं एक नंबर पाठ म्हणून दाखवायचा आणि चिठ्ठी लिहायची. लिहिता येत नसेल तिची शेजारणीनं लिहायची. मग खुशाल ठरवा, कुठं जायचं ते.