घरच्या चित्रीकरणाची ब्ल्यू-रे डिस्क : नावे सांगणारी माणसे आहेत तोवर

गणेशचतुर्थीला एकत्र जमलेले कुटुंब, माटोळीखाली रंगलेली घुमट आरती, जत्रेच्या रात्री गावातल्याच मंडळींनी उभे केलेले संगीत नाटक, घरातले पहिले लग्न... असे कितीतरी प्रसंग गोव्यातील अनेक घरांत २००५ ते २०१५ या काळात हँडीकॅमवर टिपले गेले. साध्या चित्रीकरणाकडून अधिक सुस्पष्ट, म्हणजे एचडी चित्रीकरणाकडे वळण्याचा तो काळ होता. आज ही सामग्री कपाटातील फितींवर, एखाद्या जुन्या मेमरी कार्डावर किंवा संगणकाच्या कोपऱ्यात ‘००००३’ अशा निनावी फाइलींच्या रूपात पडून आहे. ती नष्ट झालेली नाही. पण ती कोणी पाहतही नाही, कारण कोणत्या फाइलीत काय आहे हे उघडल्यावाचून कळत नाही.

या सामग्रीतून निवडक प्रसंगांची, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अनुक्रमणिका म्हणजेच ‘मेन्यू’ दाखवणारी ब्ल्यू-रे डिस्क घरच्या घरी तयार करता येते. हे काम लांबणीवर न टाकण्याची दोन कारणे आहेत. पहिले, साधने मावळतीला लागली आहेत. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५मध्ये लेखनयोग्य ब्ल्यू-रे डिस्क आणि मिनी-डीव्ही कॅसेट या दोहोंचे उत्पादन थांबवले. इतर उत्पादकांच्या डिस्क मिळतात. परंतु डिस्क-प्लेअर करणाऱ्या कंपन्याही कमी होत चालल्या आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. त्या चित्रीकरणातील चेहरे ओळखणारी, ‘हा अमक्याचा थोरला’ असे सांगू शकणारी माणसे आज वृद्ध आहेत. यंत्र कोठून तरी मिळवता येईल. ती ओळख मागाहून मिळवता येणार नाही.

आधी मूळ सामग्री संगणकावर

घरातील चित्रीकरण कोणत्या जातीचे आहे, हे प्रथम पाहावे. फितीवरचे असेल आणि कॅमेऱ्यावर ‘एचडीव्ही’ अशी खूण असेल, तर ते २००३मध्ये ठरलेल्या पद्धतीचे एचडी चित्रीकरण होय. कार्डावर किंवा कॅमेऱ्यातील हार्ड डिस्कवरचे असेल, तर ते बहुधा ‘एव्हीसीएचडी’ असते. ही पद्धत सोनी व पॅनासॉनिक यांनी २००६मध्ये आणली.

एचडीव्ही फीत संगणकावर घेण्यासाठी फायरवायर नावाची तार लागते. आजच्या लॅपटॉपला तिचे तोंड नसते; म्हणून जुना संगणक किंवा जोडणीचे कार्ड शोधावे लागते. फीत चालत असतानाच तिचे चित्रण उतरते, त्यामुळे तासाच्या फितीला तासच लागतो. एका तासाची फाइल सुमारे ११ जीबी होते. आपल्या दमट हवेत फितींना बुरशी लागते. फितीच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली, तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नये; ती बुरशी कॅमेऱ्याच्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फितीही बाधते. अशी फीत आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. शक्य असल्यास हे काम पावसाळा सोडून कोरड्या महिन्यांत करावे.

कार्डावरील सामग्री उतरवताना केवळ चित्रफाइली उचलू नयेत. कार्डावरचे सर्व फोल्डर जसेच्या तसे घ्यावेत. दीर्घ चित्रीकरण कॅमेरा आपोआप दोन किंवा चार जीबीच्या तुकड्यांत विभागतो, आणि कोणता तुकडा कोणत्या मागे जोडायचा याची नोंद त्या इतर फाइलींत असते. ती गमावून तुकडे कसेही जोडले, तर सांध्यावर आवाज तुटतो. नाटकातील पदाच्या ऐन भरात असा खंड पडणे रसभंग करणारे ठरते.

ही मूळ प्रत एका बाजूला सुरक्षित ठेवावी आणि पुढील सर्व काम तिच्या नकलेवर करावे.

निवड आणि नावे

डिस्कचे खरे मोल या टप्प्यावर ठरते. सहा तासांचे चित्रीकरण जसेच्या तसे डिस्कवर टाकले, तर कपाटातील फितींपेक्षा वेगळे काही साधत नाही. घरातील एखाद्या ज्येष्ठाला शेजारी बसवून सारे चित्रण एकदा पाहावे आणि वहीत तीन रकाने करावेत : वेळ, प्रसंग, माणसे. ‘१२ मिनिटे ४० सेकंद, आरती, घुमट वाजवणारे अमुक काका’ इतकी नोंद पुरे. याच वहीतून पुढे मेन्यू तयार होतो.

त्या बैठकीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. ब्ल्यू-रे डिस्कवर एका चित्राला एकाहून अधिक ध्वनिमार्ग जोडता येतात. पहिल्या मार्गावर मूळ आवाज आणि दुसऱ्यावर आजीचे निवेदन, अशी योजना सहज करता येते. चित्रफीत सुरू करताना एकदा टाळी वाजवली, की पुढे आवाज आणि चित्र यांचा मेळ घालणे सोपे जाते. पाहणाऱ्याने रिमोटवरून हवा तो आवाज निवडावा. कोण कोणाचे कोण, कोणत्या आवाठातले, नंतर कोठे गेले, हा सारा तपशील आजीच्याच आवाजात जपला जाईल.

किती मावते?

साध्या डीव्हीडीवर चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६ ठिपके असतो. एचडीत तो १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. म्हणूनच एचडी चित्रीकरणाची साधी डीव्हीडी केली, तर पाचांतले चार ठिपके वाया जातात. ब्ल्यू-रेच्या एका थरावर २५ जीबी मावतात, दोन थरांच्या डिस्कवर ५०. निळसर-जांभळ्या लेझरची तरंगलांबी डीव्हीडीच्या तांबड्या लेझरहून कमी, ४०५ नॅनोमीटर, असल्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक बारीक खुणा लिहिता येतात.

किती वेळाचे चित्रण बसेल, हे चित्राच्या दर सेकंदाला खर्ची पडणाऱ्या मेगाबिटवर अवलंबून आहे. कॅमेऱ्याने प्रतिसेकंद २४ मेगाबिटने चित्रण केले असेल, तर २५ जीबीच्या डिस्कवर सुमारे सव्वादोन तास बसतात. १७ मेगाबिटने केले असेल, तर तीन तासांहून थोडे अधिक. मेन्यू आणि सुरक्षित समास यांसाठी थोडी जागा सोडावी. नाटक तीन अंकी आणि दीर्घ असेल, तर ते दाबून एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा दोन थरांची डिस्क घ्यावी.

ब्ल्यू-रे लेखक नसलेल्यांसाठीही एक मधला मार्ग आहे. साध्या डीव्हीडीवरच एव्हीसीएचडी पद्धतीने लिहिले, तर सुमारे पस्तीस मिनिटांचे एचडी चित्रण मावते. अशी डिस्क डीव्हीडी-प्लेअरवर चालत नाही. ‘एव्हीसीएचडी’ ही खूण असलेल्या ब्ल्यू-रे प्लेअरवर चालते.

काय जसेच्या तसे जाते, काय बदलावे लागते

ब्ल्यू-रेचे नियम काटेकोर आहेत. नेहमीचे एव्हीसीएचडी चित्रण त्यांत जसेच्या तसे बसते; त्याचे पुन्हा रूपांतर करू नये, कारण प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा कस जातो. नको तो भाग कापून उरलेले मूळ दर्जातच ठेवणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. एचडीव्ही चित्रण मात्र एच.२६४ या प्रकारात आणि त्याचा आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून घ्यावा लागतो.

२०११नंतरच्या काही कॅमेऱ्यांत सेकंदाला ५० पूर्ण चित्रे टिपण्याची सोय आली. हा प्रकार ब्ल्यू-रेच्या मूळ नियमांत नाही. त्याचे सेकंदाला ५० अर्धचित्रांत, म्हणजे एकाआड एक रेषांच्या चित्रांत, रूपांतर करावे. याउलट जे चित्रण मुळातच अर्धचित्रांचे आहे, ते तसेच राहू द्यावे. ते उगाच पूर्ण चित्रांत बदलले, तर फुगडीसारख्या वेगवान हालचालीत धक्के जाणवतात किंवा कडा करवतीसारख्या दिसतात.

आणखी एक गुंता परदेशस्थ नातलगांमुळे उद्भवतो. भारतात आणि युरोपात विकले जाणारे कॅमेरे ५०च्या गतीने चित्रण करतात, तर अमेरिकेतून आणलेले ६०च्या. दोन्ही एकाच सलग चित्रफितीत मिसळू नयेत. डिस्कवर त्यांना स्वतंत्र प्रकरणे द्यावीत. अमेरिकेतील अनेक प्लेअर ५०च्या गतीची डिस्क दाखवतही नाहीत. तेथील आप्तांना डिस्कऐवजी फाइल पाठवणेच श्रेयस्कर.

मेन्यूची रचना

मेन्यू ही केवळ शोभा नव्हे; पुस्तकाला जे स्थान अनुक्रमणिकेचे, तेच डिस्कला मेन्यूचे. मुख्य पानावर पाच-सहांहून अधिक बटणे नसावीत : ‘सर्व पाहा’, मग वर्षानुसार किंवा प्रसंगानुसार विभाग. चतुर्थीच्या डिस्कवर प्रतिष्ठापना, आरती, फुगडी, विसर्जन असे विभाग करता येतील. नाटकासाठी अंकांचे पान वेगळे, पदांचे पान वेगळे आणि ‘कोणत्या भूमिकेत कोण’ हे पान आवर्जून करावे. गावच्या रंगभूमीची लेखी नोंद फारशी राहत नाही. असे एक पान हीच पुढे नोंद ठरते.

रचनेचे काही संकेत पाळावेत. कडेचा सुमारे दहावा भाग मोकळा सोडावा, कारण काही दूरचित्रवाणी संच कडा कापतात. अक्षरे दहा फुटांवरून वाचता येतील एवढी मोठी असावीत. रिमोटचा बाण दाबल्यावर निवड अपेक्षित बटणावरच जाते की नाही, हे प्रत्येक पानावर तपासावे आणि प्रत्येक पानावरून मुख्य पानाकडे परतण्याची वाट ठेवावी.

देवनागरीची अडचण येथेच येते. अनेक जुन्या डिस्क-प्रोग्रामांत जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या जागा सोडतात. यावरचा खात्रीचा उपाय असा : मेन्यूचे संपूर्ण पान, मराठी अक्षरांसह, चित्रांच्या प्रोग्राममध्ये १९२० गुणिले १०८० आकाराचे चित्र म्हणून तयार करावे आणि डिस्क-प्रोग्राममध्ये त्या चित्रावर केवळ पारदर्शक बटणे बसवावीत. अक्षर चित्राचाच भाग झाल्यामुळे ते बिघडत नाही. फाइलींची आणि डिस्कची अंतर्गत नावे मात्र रोमन लिपीतच ठेवावीत.

प्रोग्रामांपैकी अडोबी एन्कोरचा विकास सीएस६ आवृत्तीनंतर थांबला. पेगासिस कंपनीचा ‘टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स’ हा विकतचा प्रोग्राम मेन्यूसह ब्ल्यू-रे करतो. मोफतांपैकी ‘मल्टीएव्हीसीएचडी’ मेन्यू देतो. ‘टीएसमक्सर’ चित्र आणि अनेक ध्वनिमार्ग एकत्र बांधतो, पण सजवलेला मेन्यू देत नाही. ‘डीव्हीडीस्टायलर’ साध्या डीव्हीडीपुरताच आहे.

लेखन आणि तपासणी

प्रथम पुनर्लेखनयोग्य डिस्कवर, म्हणजे बीडी-आरई प्रकारावर, प्रयोग करावा. ती घरच्या प्लेअरवर लावून प्रत्येक बटण दाबून पाहावे, ज्येष्ठांच्याही हाती रिमोट द्यावा. चुकीची नावे येथे सापडतात. मगच कायमच्या बीडी-आर डिस्कवर लिहावे. लेखनाचा वेग मध्यम ठेवावा आणि लेखनानंतरची पडताळणी टाळू नये. डिस्क घेताना वेष्टनावर ‘एलटीएच’ असे लिहिलेली घेऊ नये. त्या प्रकारात सेंद्रिय रंगद्रव्य असते आणि ते कमी टिकाऊ मानले जाते.

ब्ल्यू-रेचा लेखनथर वाचनाच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. म्हणून ती बोटांनी हाताळू नये, वर कागदी चिकटपट्टी लावू नये, मधल्या वर्तुळावरच डिस्कसाठीच्या लेखणीने नाव लिहावे. ती डबीत, उभी, उजेडापासून दूर ठेवावी; पावसाळ्यात डब्यासोबत सिलिका जेलची पुडी असावी.

डिस्क म्हणजे एकमेव तिजोरी नव्हे

एवढे करूनही डिस्क ही एक प्रत आहे, सर्वस्व नव्हे. मूळ फाइलींची एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या प्रकारच्या माध्यमावर आणि त्यांतील एखादी दुसऱ्या घरी, अशी विभागणी असावी. मेन्यूची चित्रे, निवेदनाची ध्वनिफीत आणि त्या वहीच्या पानांचे फोटोही सोबत ठेवावेत. उद्या ब्ल्यू-रे प्लेअर मिळेनासे झाले, तरी त्यांच्या आधारे हीच रचना नव्या माध्यमात उभी करता येईल.

तंत्राचा भाग शिकायला एखाद-दुसरा आठवडा पुरतो आणि ते न जमल्यास पैसे देऊन करून घेता येते. चेहऱ्यांना नावे देण्याचे काम मात्र घराबाहेरच्या कोणालाही करता येणार नाही. येत्या चतुर्थीला घर पुन्हा भरेल. तोवर फिती उतरवून ठेवल्या, तर सारे एकत्र असतानाच ती वही लिहून पूर्ण होऊ शकते.