आजाराच्या पैलतीरावर

गेटवे ऑफ इंडियाहून निघालेली लाँच तासाभरात मांडव्याच्या धक्क्याला लागते. अलिबाग-किहीमकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीत कधी मोठ्या आजारातून उठून हवापालटासाठी आलेला एखादा मुंबईकरही असतो. शस्त्रक्रिया पार पडलेली असते, डॉक्टरांनी धीर दिलेला असतो. तरीही मनात एक प्रश्न उरतोच : वाचलो खरा, पण आता जगायचे कशासाठी?

या प्रश्नाचा मागोवा मानसशास्त्रानेही घेतला आहे. रिचर्ड टेडेस्की व लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकात ‘आघातोत्तर विकास’ ही संकल्पना मांडली. तो मोजण्यासाठी १९९६ मध्ये त्यांनी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नव्या वाटा दिसणे, नात्यांतील जवळीक, आत्मबळाची जाणीव, जगण्याचे मोल उमगणे आणि आध्यात्मिक परिवर्तन अशी तिची पाच अंगे आहेत. अध्यात्म म्हणजे केवळ धर्मश्रद्धा नव्हे, हे ध्यानात घेऊन २०१७ मध्ये तिच्यात आणखी चार विधानांची भर घालण्यात आली.

हे परिवर्तन घडते कसे? निरोगी माणूस उद्याचा दिवस गृहीत धरून चालतो. गंभीर आजार त्या गृहीताला तडा देतो. आरंभी भीतीचे विचार नको असताना मनात घुसतात. पुढे माणूस स्वतःहून विचार करू लागतो, जिवलगांशी बोलतो, काही जण लिहितात. त्यातून आयुष्याची नवी मांडणी होते. म्हणजेच विकास आजारामुळे होत नाही. आजाराशी चाललेल्या झुंजीतून होतो.

मराठी वाचकांना याचे ठळक उदाहरण ठाऊक आहे. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी झटणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात वाढलेल्या या डॉक्टरला स्वतःचीच जीवनपद्धती तपासावी लागली. आहार, व्यायाम, ध्यान आणि आत्मपरीक्षण यांची ती वाटचाल ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात आहे. त्यांचे कार्य थांबले नाही. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

मांडव्याच्या भूमीलाही अशा विचाराची ओळख आहे. डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० च्या दशकात याच परिसरातील गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. आरोग्य केवळ रुग्णालयाच्या भिंतींत नसते, हाच त्याचा गाभा होता.

मात्र येथे सावधगिरी हवी. बरे झालेल्या प्रत्येकाला साक्षात्कार व्हावा, ही अपेक्षा क्रूर आहे. कोणाला राग येतो, कोणाची श्रद्धा डळमळते. ते दुबळेपण नव्हे. ‘देवाने परीक्षा पाहिली’ किंवा ‘पूर्वकर्माचे फळ’ असे म्हणणाऱ्या आप्तांमुळे रुग्णाच्या दुःखात अपराधभावाची भर पडते. विकास आणि वेदना एकाच मनात नांदू शकतात, असे अभ्यासकही सांगतात. शिवाय ध्यान हे औषधांना पर्याय नव्हे. उपचार चालू ठेवूनच ही वाट चालायची असते.

आप्तांनी उपदेश आवरून ऐकून घेणे, हेच बहुधा सर्वांत मोठे साहाय्य ठरते. परतीची लाँच मुंबईला तीच माणसे घेऊन जाते. एखाद्याची जगाकडे पाहण्याची दृष्टी मात्र तोवर थोडी निवळलेली असते.